दुखणं दहापैकी किती

नाव, वय, कोणता हात, कधीपासून

मोझेस. एकसष्ट. उजवा. चौदा जुलैपासून.

पुढचा रकाना होता, कसं लागलं. त्यात सुकन्या मॅडमनी लिहिलं, 'स्कूटीवरून पडून.' खरं तर स्कूटी उभी होती. चर्चच्या ओट्याला लावताना माझा पाय शेवाळावरून सरकला, स्कूटी एकीकडे आणि मी उजव्या खांद्यावर. उभ्या गाडीवरून पडलो हे निवृत्त मास्तराच्या कागदावर बरं दिसत नाही, म्हणून मी दुरुस्ती केली नाही.

त्याखाली: 'या हाताने पुन्हा काय करता यायला हवं?'

श्रीरामपूरच्या त्या दोन खोल्यांच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मला हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं झोपवतील, मशीन लावतील, शेक देतील, घरी पाठवतील. मॅडम पेन धरून थांबल्या. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी. माझ्या वर्गात असती तर पहिल्या बाकावर बसवली असती.

"घंटा ओढायचीय," मी म्हणालो.

"कसली घंटा, काका?"

"चर्चची. बेलापूरच्या अलीकडं आमची वाडी आहे. चौतीस वर्षं मीच ओढतोय. त्याआधी वडील ओढायचे."

"आणि सध्या?"

शेजारच्या स्टुलावरून माझी बायको मरिया लगेच म्हणाली, "सध्या मी वढते."

नवऱ्याचं आजारपण इतक्या आनंदाने सांगू नये.

झोळी: तीन आठवडे

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं होतं की हाड शाबूत आहे, खांद्यातला स्नायू थोडा फाटलाय, ऑपरेशनची गरज नाही. तीन आठवडे हात झोळीत ठेवा, मग फिजिओथेरपी सुरू करा.

मी झोळी सात आठवडे घातली.

त्याचं कारण असं. मी पडलो त्याच्या दुसऱ्या रविवारी पाळकसाहेब घंटेसाठी कुणाला सांगावं म्हणून बाकांवरून नजर फिरवत होते. तेवढ्यात मरियाने पदर खोचला आणि ती सरळ घंटेच्या खोलीत गेली. बाईमाणसाने ती दोरी आजवर धरली नव्हती. मला वाटलं दोनदा ओढेल, दमेल, मागे वळून माझ्याकडे बघेल. घंटा वाजली. वाजतच राहिली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घामसुद्धा नव्हता.

झोळी गळ्यात होती तोवर बघणाऱ्याला कळायचं की घंटा गुरुजींची आहे, बाई तात्पुरती आहे. झोळी काढली असती तर लोक म्हणाले असते, हात तर मोकळा दिसतोय, मग बायको का ओढतेय? म्हणून मी झोळी घालत राहिलो. धुऊन घातली. एकदा इस्त्रीही करून घेतली.

"सात आठवडे?" सुकन्या मॅडम म्हणाल्या. "का?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"तीन सांगितले हुते," मरिया म्हणाली.

लघुकोन

त्यांनी प्लास्टिकचा कोनमापक काढला. कंपासपेटीतला असतो त्याचाच थोरला भाऊ, दोन लांब पट्ट्यांचा. एक पट्टी माझ्या बरगडीला, एक दंडाला.

"वर न्या. जेवढा जातोय तेवढाच."

सत्तर अंश.

"पूर्ण गेला की एकशे ऐंशी," त्या म्हणाल्या. "स्नायू बराचसा भरून आलाय, काका. पण खांदा आखडलाय. तो सोडवायला वेळ लागेल."

पोरांना कोन शिकवण्यात माझा जन्म गेला. सत्तर म्हणजे लघुकोन, तो फळ्यावर काढायला सोपा. स्वतःच्या खांद्यात तो अडकून बसला की तिथून पुढे शर्टाची बाही बायकोने धरावी लागते.

"आता दुखणं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

होतं सात. मी सांगितलं तीन.

मॅडमनी समजावलं ते शिकवणाऱ्याने शिकण्यासारखं होतं. व्यायाम करताना ताण बसणार, चार-पाचपर्यंत दुखलं तर चालेल. तासाभरात ते पहिल्यासारखं झालं पाहिजे. सुई टोचल्यासारखी चमक आली, झोप मोडली, तर थांबायचं आणि मला सांगायचं. हात काही आठवडे पुढे जाईल, मग अडेल, कधी मागेही येईल, तेव्हा घाबरायचं नाही. आठवड्यातून दोनदा इथे या, पण खरं काम घरी, दिवसातून तीनदा. "आणि आकडा खरा सांगायचा. खोट्या आकड्यावर मी चुकीचा व्यायाम देईन."

"किती दिवस?"

"तीन-चार महिने धरा."

मी मनात मोजलं. नाताळाला तीन महिने वीस दिवस होते.

एकतीस

नाताळाच्या सकाळी आमच्या वाडीत घंटा एका नियमाने वाजते. प्रत्येक घरातलं एक तरी माणूस दारात येऊन उभं राहीपर्यंत ती थांबवायची नाही. घंटेच्या खोलीच्या खिडकीतून सगळी दारं दिसतात. तीस घरं आमची आणि एकतीसावं कडूबाईचं. कडूबाई चर्चची नाही, तिच्या दारावर तोरण असतं. पण तिचं घर गल्लीच्या तोंडाशीच आहे, माझ्या वडिलांनी ते मोजलं आणि तेव्हापासून ते मोजणीत आहे. कधी दहा मिनिटं लागतात, कधी वीस. चौतीस वर्षांत माझी दोरी मध्येच थांबली नाही.

या नाताळाला कुणी ओढायची, ते डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पंचमंडळी ठरवणार होती.

व्यायाम १. वाका, हात लटकवा, झुलू द्या. तीन मिनिटं.

डावा हात टेबलावर ठेवायचा, कमरेत वाकायचं, उजवा हात मोकळा सोडायचा.

"तुम्ही तो हलवायचा नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "अंग हलवा. हात आपोआप झुलेल."

मला ते जमेना. मी हलवायचो. मरिया शेजारी उभी राहून म्हणायची, "सोडा की वो. धरून का ठेवलाय?"

रविवारी चर्चच्या घंटेच्या वेळी मी घरी असाच वाकलो होतो. तिची घंटा सुरू झाली. माझी घंटा कशी वाजायची ते मला ठाऊक आहे. प्रत्येक ठोका वेगळा, खणखणीत, हजेरी घेतल्यासारखा. तिची तशी नव्हती. एक ठोका संपायच्या आत दुसरा त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. खाली बघितलं तर माझा हात झुलत होता, तिच्या ठोक्यांवर, अगदी मोकळा.

मी सरळ उभा राहिलो. तीन मिनिटं झाली नव्हती.

बाहेर कडूबाई म्हशीला पाणी दाखवत होती.

"गुरुजी, येक बोलू का? राग नका मानू."

"बोल."

"तुमची घंटा वाजायची तवा माजी म्हस दचकायची. आता न्हाई दचकत."

दुखणं: तीन. व्यायामाचं. म्हशीचं वेगळं.

व्यायाम २. भिंतीवर बोटं चालवा. वर पोचाल तिथे खूण करा.

सप्टेंबरच्या खुणा, पेन्सिलीच्या, स्वयंपाकघराच्या दारामागे: छातीच्या वर. तिथेच. तिथेच. चार बोटं वर. तिथेच. दोन बोटं खाली.

दवाखान्यात माझ्याच वेळेला वैजनाथ यायचा. ट्रॅक्टरवाला, वय पस्तीस, त्याचाही उजवा खांदा. माझ्यानंतर दोन आठवड्यांनी सुरू केलं आणि महिन्यात एकशे वीसला पोचला.

"गुरुजी, तुमचं किती?"

"मोजलं नाही आज."

"ब्याण्णव," मरिया म्हणाली. ती शेकाची पिशवी माझ्या खांद्यावर नीट बसवत होती.

"काटकोन तर झाला!" वैजनाथ हसला. मीच त्याला चौथीत शिकवलं होतं.

सुकन्या मॅडम त्याला म्हणाल्या की दोन खांद्यांची शर्यत लावायची नाही. ते त्याला म्हणाल्या, पण बघत माझ्याकडे होत्या. मग मरियाचा तळवा माझ्या पाठीच्या फऱ्यावर ठेवून तिला दाब कसा द्यायचा ते दाखवलं. मरियाने एकदाच करून दाखवलं.

"वा, काकू! तुमच्या हातात आहे हे."

बायकोच्या हातात काय काय आहे हे परक्यांकडून कळत होतं.

व्यायाम ३. कप्पी

दाराच्या वर कप्पी, तीतून दोरी, दोन्ही टोकांना मुठी. डाव्या हाताने खाली ओढायचं म्हणजे उजवा वर जातो. दुखऱ्या हाताने ओढायचं नाही. तो पाहुणा आहे, त्याला नुसतं वर न्यायचं.

मरियाने विहिरीची जुनी कप्पी दाराला बांधून दिली. मी चार दिवस केलं. दोरी हातात आली की अंगाला दुसरंच काही आठवायचं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी, वाडी जेवून पडली होती तेव्हा मी चर्चमध्ये गेलो. खरी दोरी असताना खोटी कशाला ओढायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आवाज होऊ नये याची सोय आमच्याकडे आहे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आम्ही घंटेच्या आतल्या लोलकाला गोणपाट गुंडाळतो, मग घंटा मुकी होते, आणि ईस्टरच्या पहाटे ते सोडतो. मी डाव्या हाताने लोखंडी शिडी चढलो. गोणपाट गुंडाळलं, सुतळीची गाठ डाव्या हाताने आणि दातांनी आवळली. खाली उतरून दोरी दोन्ही हातांनी धरली आणि चौतीस वर्षं ओढत आलो तशी ओढली.

पहिल्या ओढीला काही झालं नाही. दुसऱ्या ओढीला घंटा वर गेली आणि दोरीने माझा हात सोबत नेला. एकशे वीस, एकशे तीस, कुणास ठाऊक किती अंश. मी ओरडलो नाही. जमिनीवर बसलो.

नऊ.

शिडी परत चढणं शक्य नव्हतं.

रविवार, सकाळी साडेआठ

मरियाने आरशासमोर पदर खोचला. तेव्हा सांगता आलं असतं.

तिने चप्पल घातली. तेव्हाही.

चर्चमध्ये मी नेहमीच्या बाकावर बसलो, हात मांडीवर, बाहीखाली सुजलेला. घंटेच्या खोलीतून आवाज आला. धप्प. मग पुन्हा धप्प. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. लोक एकमेकांकडे बघू लागले. ती ओढत होती. तिला वाटत असणार आपलंच काही चुकतंय, कारण ती जास्त जोराने ओढू लागली, माझ्यासारखी. धप्प, धप्प, धप्प.

पंच पॉलभाऊ मोठ्याने म्हणाले, "मरियाबाई, उत्तम शुक्रवार अजून लांब हाय की!"

सगळे हसले. मीही हसलो.

आणि मला बरं वाटलं. लपवत नाही. दहापैकी दहा बरं वाटलं. खांदा ठणकत होता, आणि त्याच्या शेजारी बोटभर अंतरावर छातीत काहीतरी गोड विरघळत होतं.

मग आवाज थांबला. शिडीवर तिच्या बांगड्या वाजल्या. थोड्या वेळाने घंटा स्वच्छ वाजली, तिच्या पद्धतीने, अर्धा तास उशिरा. ती गोणपाट काखेत घेऊन आत आली, बायकांच्या बाकावर बसली, आणि भजनाचं पुस्तक उघडलं. माझ्याकडे बघितलं नाही.

अठ्ठ्याहत्तर

"हे काय झालं?" मंगळवारी मॅडम म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात शंभर होता."

"झोपेत अंगाखाली आला."

"दुखणं?"

"दोन."

त्यांनी खांद्याला नुसतं बोट लावलं. मी स्टुलावरून उठलो.

मरियाने पिशवीतून सुतळीचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. त्या तुकड्यावर दातांचे ठसे होते.

"वाडीत येका हातानं आन् दातानं गाठ मारनारा मानूस येकच हाय," ती म्हणाली. "हे घंटा वढायला गेल्ते, मॅडम. झोप बीप काय न्हाई."

खोलीत शेकाच्या मशीनचं पाणी उकळत होतं. वैजनाथ भिंतीकडे तोंड करून बोटं चालवत होता, फार मन लावून.

"वढली त्याचं काय न्हाई," मरिया आता माझ्याशी बोलत होती. "तुमची हाय, वढा. पन मी मुकी दोरी वढत हुते, मानसं हसत हुती, आन् तुमी बसून हुता. माजे हात सोलले तवर बसून हुता. का वो?"

तिने तळवे उघडले. दोन्हींवर लाल पट्टे.

मी चौतीस वर्षांचा हिशेब सांगायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते वेगळंच.

"तुझी चांगली वाजते म्हणून."

तिने तळवे मिटले. मग म्हणाली, "आवो, मग तसं सांगायचं."

मॅडमनी कागद पुढे ओढला. "काका, आता परत विचारते. दुखणं किती?"

"आठ."

"आजपासून झुलवण्यावर परत. पंधरा दिवस. नवीन फाटलेलं वाटत नाही, पण डॉक्टरांना एकदा दाखवून या." लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "मागे आलाय, संपलेला नाही."

व्यायाम ४. रबरी पट्टा

हे नोव्हेंबरच्या शेवटी. कोन एकशे वीस, विशालकोन. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला होता. मॅडमनी लाल रबरी पट्टा खिडकीच्या गजाला वर बांधला.

"आता ताकदीचं काम. काकू, तुम्ही घंटा कशी ओढता ते यावर दाखवा जरा."

"मी?"

"हो. काकांना बघायचंय."

मला बघायचं नव्हतं.

मरियाने पट्टा धरला, एक पाय पुढे टाकला, गुडघे सैल केले आणि खाली बसल्यासारखी झाली. पट्टा ताणला गेला. मग ती उठली आणि पट्ट्याने तिचे हात वर नेले. ती नुसती त्यांच्यासोबत गेली. विहिरीवर वीस वर्षं पाणी शेंदलेल्या बाईचं अंग होतं ते. माझ्या घरातलं, आणि मी ते कधी बघितलं नव्हतं.

"दिसलं?" मॅडम म्हणाल्या. "काकू खांद्याने ओढतच नाहीत. पायाने, कमरेने ओढतात. वर जाताना सोडून देतात. तुम्हाला घंटा ओढायची असेल तर अशीच ओढावी लागेल. जुन्या पद्धतीने मी परवानगी देणार नाही."

म्हणजे मला माझी दोरी मिळणार होती, पण तिच्या हातांनी.

महिनाभर शिकलो. ती शिकवायला वाईट होती. "तसं न्हाई," एवढंच म्हणायची. कसं ते सांगायची नाही, करून दाखवायची. छडी तेवढी नव्हती.

पंचांच्या बैठकीत पॉलभाऊंनी नाताळासाठी तिचं नाव घेतलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ती उठून म्हणाली, "गुरुजी वढतील. त्यांची हाय."

दिलं तिने. मागितल्याशिवाय दिलं. ते जास्त लागलं.

पंचवीस डिसेंबर, सकाळी आठ

हात एकशे पन्नास. मॅडमची अट: दुखणं पाचच्या वर गेलं की थांबायचं, दोरी काकूंकडे द्यायची.

घंटेच्या खोलीत आम्ही दोघंच. नव्या पद्धतीने बसत-उठत ओढताना मला खिडकीतून बघता येणार नव्हतं, म्हणून ती तिथे उभी राहून घरं मोजत होती. मी पाय पुढे टाकला, गुडघे सैल केले, बसलो. घंटा वाजली. उठलो, हात गेले, जाऊ दिले. पुन्हा.

"चार घरं," ती म्हणाली. "धा. पॉलभाऊ आले, बनियनवरच."

दुखणं दोन.

"येकोनीस."

तीन.

"तीस. आता कडूबाई ऱ्हायली."

कडूबाई येईना. धार काढायची वेळ. मी ओढत होतो. खांद्यात उष्णता भरली. चार. मरियाने खिडकीतून अंग बाहेर काढून तिच्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे हात आपोआप दोरीकडे निघाले होते.

"द्यायची का?" ती म्हणाली.

"दुखणं किती झालं विचार आधी."

"किती झालं?"

"चार."

"खरं?"

"खरं."

ती मागे सरली. मी आणखी दहा-बारा ठोके दिले. मग गल्लीच्या तोंडाशी दार वाजलं आणि कडूबाईचा आवाज आला, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा:

"मरियाबाई! आज लईच झ्याक वाजवली गं! म्हस पान्हावली, मी तिथंच बसून ऐकत ऱ्हायले, उठूच वाटंना!"

एकतीस. मी दोरी सोडली. घंटा दोनदा स्वतःच्या मनाने वाजली आणि थांबली.

मरिया माझ्याकडे बघत होती. खिडकीतून एकदा डोकं बाहेर काढलं असतं तर काम झालं असतं. तीस दारांतली माणसं बघत होती, त्यांनाही कळलं असतं. चौतीस वर्षांत कडूबाईने मला कधी झ्याक म्हटलं नव्हतं.

धप्प आवाज आठवला. तिचे तळवे आठवले.

"सांग तिला," मी म्हणालो.

"काय सांगू?"

"व्हय म्हण."

तिने पदर खोचला. मग खिडकीतून वाकली आणि ओरडली, "व्हय गं, कडूबाई! आजून खांदा ठनकतोय बघ माजा!"

एवढं सांगायला मी म्हटलं नव्हतं. घंटा दिली होती. आता दुखणंही गेलं.

पायऱ्या उतरताना ती पुढे होती आणि लोक बघत होते म्हणून उजवा खांदा चोळत होती. मी मागून माझा हात खिशात घातला, जिथे तो ठणकत होता. चार.